परसातलं बियाणं

मंडळी, आपल्या बागलाणात मोसम अन् आरम नदीवर बंधारे घालून फड पद्धतीनं पाणी मिळायचं. एका फडात एकच पीक, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. परसात मात्र घरच्या बाईची मर्जी चालायची. न्हाणीच्या पाण्यावर वाल, दोडका, वांगी. तोडलं की थेट चुलीवर. चांगली शेंग वेलावरच वाळू द्यायची, बी राखेत घालून ठेवायचं.

पुढं कांदा, डाळिंब वाढलं. भाजी बाजारातून यायला लागली अन् कित्येक घरांतलं ते बी गेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाला.

ह्या पावसाळ्यात परसात दोन वेल तरी लावा. भाजी पोटभर खा, पण पहिली चांगली शेंग बियाला राखा.