गडी एक, बाई एक

१० ऑगस्ट १९५० ही तारीख आमच्या घरात भीमजयंतीइतकीच पाठ आहे. त्या दिवशी अनुसूचित जातींची यादी निघाली, आणि त्या दिवशी आपले वाडवडील या मुलखात राहत होते हे दाखवल्याशिवाय महाराष्ट्रात आजही जातीचा दाखला मिळत नाही. २००० च्या कायद्याने शाबितीचे ओझेही अर्जदाराच्याच डोक्यावर ठेवले आहे. ज्यांना गावाने गावकुसात घर दिले नाही, त्यांनीच आपले घर कुठे होते ते सांगायचे!

माझा पणजोबा माण तालुक्यातून दुष्काळात उठला आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामागे बारामती ओलांडून इंदापूरच्या बाजूला आला. १८८५ च्या सुमारास या कालव्याला पाणी आले, मग ऊस आला, गुऱ्हाळे आली, १९३० नंतर वालचंदनगरसारखा खाजगी कारखाना आला. उसाला हात हवे होते. गावी पणजोबाला वतन होते, म्हणजे बलुत्याची भाकर आणि रात्रंदिवस वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाच्या जोखडावर बिल आणले; वतन नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. पणजोबा तोवर थांबला नाही. गाव सोडले ते बरेच केले असे मी आजही मानतो. पण गावाबरोबर गावचे दप्तरही सुटले. कोतवाल बुकात महारांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत. माझा आजोबा मात्र मळ्यावर जन्मला, त्याची नोंद कुठेच नाही.

मी प्राध्यापकीसाठी अर्ज केला तेव्हा पडताळणी समितीने १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. त्या बागाईतदाराच्या वारसांनी, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, माडीवरची ट्रंक खाली उतरवून जुन्या हजेरीवह्या माझ्यापुढे ठेवल्या. बैलांची नावे होती. मोटेच्या नाड्याची किंमत होती. आमच्या माणसांबद्दल रोज एकच ओळ होती: ‘महार गडी १, बाई १.’

पुरावा मिळाला तो शाळेत. १९४९ साली मळ्याच्या दिवाणजीने आजोबाला मराठी शाळेत नेऊन घातले होते. जनरल रजिस्टरात नाव आहे, जात आहे, ‘राहणार मळा’ असेही आहे. दिवाणजीने हे मायेने केले की मालकाला हिशेब लिहिणारा पोरगा हवा होता, देव जाणे. आजोबा दुसरीतच बसला. पण मालकाच्या माणसाने हेडमास्तरापुढे उच्चारलेल्या त्या दोन शब्दांवर माझी नोकरी उभी आहे.

आता माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे गडी एक, बाई एक हेही आता वेगळे मोजायचे नाही. वजनकाट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, गाडीचा नंबर असतो, टनेज असते. उचलीचा करार मुकादमाच्या नावे असतो. फडातल्या बाईचे नाव शोधून दाखवा.

कायदे नव्हते असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर मजुराला फोटोचे पासबुक देण्याचे बंधन घातले होते. पण बीडचा माणूस बारामतीत आला तर त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. त्याला पासबुक नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात मळ्यावरच्या जन्माची खबर देण्याचे काम मळ्याच्या व्यवस्थापकावर टाकले आहे. कुठला मळा? चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडा, सिंकोना. बाकी पिके सरकार अधिसूचनेने घालील ती. कायद्याच्या मजकुरात ऊस नाही. अलीकडे ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकाने ओळखपत्र द्यायचे ठरले आहे, ते चांगलेच. पण ते मूळ गावचे. पाच-सहा महिने जिथे कोपी घालून राहायचे, तिथे हा माणूस राहतो असे कोण लिहून देणार?

कारखान्याच्या शेतकी खात्याला हे अवघड नाही. कोणत्या गटात कोणती टोळी कधी उतरली हे त्याला रोज ठाऊक असते, कारण ऊस वाळू द्यायचा नसतो. त्याच वहीत माणसागणिक नाव, गाव, आल्याची तारीख आणि पोरांची वये लिहावीत, आणि शिक्क्याची नक्कल प्रत्येकीच्या हाती द्यावी, मुकादमाच्या नव्हे. शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत ती दाखवता येईल.

गेल्या हंगामात विद्यार्थ्यांना घेऊन कोप्यांवर गेलो होतो. एका कोपीत पंधरा दिवसांचे मूल होते, तिथेच जन्मलेले. नोंद केली का विचारले तर बाप म्हणाला, “मुकादमाला विचारा, सर.” बिनदंडाच्या एकवीस दिवसांतले सहा उरले होते. शेतकी खात्याचा एक तरुण चिटबॉय तिथे उभा होता. त्याने तोडीच्या चिठ्ठीच्या पाठीवर आईचे नाव, बापाचे नाव, फडाचा गट नंबर आणि जन्माचा वार लिहिला, खाली सही केली. ती चिठ्ठी घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि वही उघडली.