आवाजाच्या माणसाला म्हणायचे तरी काय?

मंडळाच्या सभासद-सूचीत 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. डॉक्टर, इंजिनिअर, आमच्यासारखे केमिस्ट यांचे तिथे एका शब्दात भागते. पण जाहिरातींना, कार्टूनना आवाज देऊन पोट भरणाऱ्याने काय लिहावे? प्रश्न जुना आहे, आणि त्यात पैसा व श्रेय दोन्ही अडकलेली आहेत.

ज्यांची मुले इथे अमेरिकेत वाढली त्यांना बग्ज बनी ठाऊक आहेच. त्याचा आवाज मेल ब्लँक यांचा. निर्माते लिऑन श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून निदान पडद्यावर नाव तरी द्या म्हटले, असे ब्लँक पुढे सांगत. १९४४ पासून 'व्हॉइस कॅरॅक्टरायझेशन' या शब्दांसह त्यांचे नाव झळकू लागले. नुसता आवाज नव्हे, आवाजातून उभे केलेले पात्र! १९४६ मध्ये तर रेडिओवर त्यांच्याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच कार्टूनपटांत एल्मर फडला आवाज देणारे आर्थर क्यू. ब्रायन यांचे नाव मात्र सहसा येत नसे.

गाण्यातही तीच कथा. हॉलिवूडमध्ये नटीसाठी पडद्याआडून गाणारीला 'घोस्ट' म्हणत, म्हणजे चक्क भूत! 'माय फेअर लेडी'त (१९६४) ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली, पण श्रेयनामावलीत त्या नाहीत. आपला 'पार्श्वगायिका' हा शब्द केवढा भारदस्त! पण तो मानही फुकट मिळाला नाही. 'महल'मधल्या (१९४९) ज्या गाण्याने लताबाईंचे नाव झाले, त्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून 'कामिनी' छापले होते. कामिनी हे मधुबालेच्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला, कारण पार्श्वगायनाला पारितोषिकच नव्हते. १९५९ मध्ये ते सुरू झाले आणि पहिले लताबाईंनाच मिळाले, 'मधुमती'साठी.

तर आता आपला रकाना. दिलेला मजकूर स्वतःच्या आवाजात वाचतो तो निवेदक. पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवतो तो डबिंग कलाकार. पात्र उभे करतो तो व्हॉइस अ‍ॅक्टर. ब्लँक यांनी मिळवलेल्या शब्दांना हाच सर्वांत जवळचा, असे आम्हांस वाटते. 'व्हॉइस-ओव्हर आर्टिस्ट' म्हटले की सगळेच त्यात आले, पण काम देणाऱ्याला नेमके काहीच कळत नाही. बाटलीवर नुसते 'रसायन' लिहून ठेवावे, तसे ते होते. रकान्यात दोन-तीन शब्द सहज मावतात. ज्यांना दोन्ही कामे येतात त्यांनी दोन्ही लिहावीत.