अब्राहाम लिंकनचीं दोन ऋणें : दुकानाचें व राज्याचें

अमेरिकेचा सोळावा अध्यक्ष अब्राहाम लिंकन ह्याच्या उत्तरायुष्याविषयीं विपुल लेखन झालें आहे. मात्र इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिसभेंतील त्याचीं आठ वर्षें (1834–1842) आणि त्यापूर्वींची त्याची अल्पजीवी दुकानदारी ह्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. दुकान बुडालें व लिंकननें कर्ज फेडलें, एवढी कथा चरित्रकार त्याच्या सचोटीचें प्रमाण म्हणून सांगतात. परंतु सभासद झाल्यावर राज्याच्या कर्जाविषयीं तो कसा वागला, हें पाहिल्यावांचून ती कथा अपुरी राहते.

ह्या विषयाचा पहिला अस्सल आधार म्हणजे 9 मार्च 1832 चें त्याचें मतदारांस आवाहन. तेव्हां तो न्यू सालेम गांवीं डेंटन ऑफट ह्याच्या दुकानांत नोकरीस होता. सँगमॉन नदी नौकानयनास योग्य करावी, अवाच्यासवा व्याजास कायद्यानें आळा घालावा व शिक्षणाचा प्रसार व्हावा, अशीं मतें त्यांत मांडलेलीं आहेत. निवडणुकींत तेरा उमेदवारांत त्याचा क्रमांक आठवा लागला. पण न्यू सालेमच्या 300 मतांपैकीं 277 मतें त्यास पडलीं. गिऱ्हाइकांची ओळख हेंच त्याचें भांडवल होतें.

पुढें विल्यम बेरी ह्याच्या भागीदारींत त्यानें उधारीच्या रोख्यांवर दुकान घेतलें. मार्च 1833 मध्यें दारूविक्रीच्या परवान्यासाठीं दिलेल्या हमीपत्रावर लिंकनचें नांव आहे; परंतु तें त्याच्या हस्ताक्षरांत नाहीं, असें तज्ज्ञ मानतात. 1858 मध्यें डग्लस ह्यानें भर सभेंत त्यास गुत्तेवाला म्हणून डिवचलें व लिंकननें तें साफ नाकारलें. कागदावर नांव असणें व त्यानें स्वतः सही करणें ह्यांतील भेद संग्राहकांस परिचितच आहे. त्या एका कागदावरून वादाचा निकाल लावितां येत नाहीं.

दुकान बुडालें. जानेवारी 1835 मध्यें बेरी वारला व सारें देणें लिंकनच्या शिरावर आलें. ह्या देण्यास तो विनोदानें ‘राष्ट्रीय ऋण’ म्हणे. रक्कम सुमारें 1100 डॉलर सांगतात. पण हा आंकडा आठवणींतून आलेला आहे, हिशेबाच्या वहींतून नव्हे. देण्यापायीं त्याचा घोडा व जमीनमोजणीचीं उपकरणें लिलांवांत निघालीं. जेम्स शॉर्ट ह्या स्नेह्यानें तीं घेऊन त्यास परत दिलीं. ह्याच ओढाताणीच्या काळांत, ऑगस्ट 1834 मध्यें, 1376 मतें मिळवून तो सभेवर निवडून आला होता.

1837 सालीं सभेनें लोहमार्ग, रस्ते व नद्यांच्या सुधारणेसाठीं सुमारें 1 कोटी डॉलरची योजना मंजूर केली. कर्ज काढूनच ती पुरी व्हावयाची होती. लिंकन तिचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच अधिवेशनांत राजधानी स्प्रिंगफील्ड येथें नेण्याचें ठरलें. सँगमॉनच्या सभासदांनीं राजधानीच्या बदल्यांत योजनेस मतें विकलीं, हा जुना आरोप पुढील संशोधनानें डळमळीत केला आहे. योजनेवरील लिंकनची निष्ठा मात्र निर्विवाद होय. त्याच वर्षीं व्यापारी मंदी आली, कामें अर्धवट राहिलीं आणि 1841–42 च्या सुमारास राज्यास व्याज देणेंही अशक्य झालें. तरीही लिंकननें योजनेची बाजू दीर्घकाळ सोडली नाहीं.

वकिलींतील त्याचा भागीदार विल्यम हर्नडन ह्याच्या साक्षीप्रमाणें, 1848 पर्यंत लिंकन राष्ट्रसभेच्या वेतनांतून दुकानाचें जुनें देणें फेडीत होता. एका लहानशा दुकानाच्या ऋणास अशीं सुमारें पंधरा वर्षें लागलीं. ह्यावरून दोन्ही ऋणांच्या मुळाशीं एकच श्रद्धा दिसते : उद्यांच्या भरभराटीवर आज उचल करावी. स्वतः पत्करलेलें ऋण त्यानें स्वतः फेडलें. मत देऊन वाढविलेलें ऋण मात्र इलिनॉयच्या करदात्यांस फेडावें लागलें. त्याच्या सचोटीस ह्यानें बाध येत नाहीं; परंतु तिचें मोजमाप करितांना एकाच खात्याची वही उघडून चालणार नाहीं.