गोजिरा, पण गोजिरवाणा नव्हे

दोन वर्षांपूर्वी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे टोकियोला आल्या होत्या. नातवाने आजीला शिंजुकूला नेलं आणि थिएटरच्या इमारतीवरून डोकावणारं ते अक्राळविक्राळ डोकं दाखवत अभिमानाने सांगितलं, "आजी, हा गोजिरा!"

आजींनी पदर सावरत वर पाहिलं. "अरे, ह्या ध्यानाला गोजिरा कोणी म्हटलं?"

मग नातवाने खुलासा केला. जपानीत 'गोरिरा' म्हणजे गोरिला, 'कुजिरा' म्हणजे देवमासा. दोन्ही मिळून गोजिरा. बाकीचं जग ज्याला गॉडझिला म्हणतं तो हाच. पण परत येताना चिरंजीवांची कुरकुर सुरू झाली. "सारखे तेच तेच सिनेमे काढतात. पहिला, दुसरा, तिसावा... ह्यांना दुसरं काही सुचत नाही का?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गावात कीर्तनकारबुवा दरवर्षी हरिश्चंद्राचंच आख्यान लावायचे. आणि आम्ही दरवर्षी रडायचो."

आजींचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हरिश्चंद्र आपण कितीदा पाहिला! 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी दाखवला, 1932 साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलका केला. तक्रार कोणी केली नाही. इथे जपानातही तोरासानचे 48 चित्रपट 1969 ते 1995 या काळात निघाले. प्रत्येकात तो फिरस्ता विक्रेता घरी येतो, प्रेमात पडतो आणि हात हलवत परत जातो. लोक दरवर्षी हौसेने जात राहिले. मग गोजिराचेच चाहते का वैतागतात? म्हणून मी जरा जुना इतिहास चाळला.

गोष्ट सुरू होते 1 मार्च 1954 रोजी. अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट हिरोशिमाच्या साधारण हजारपट. सुमारे 160 किलोमीटरवर 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या 23 जणांवर किरणोत्सारी राख पडली. नौकेचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 3 नोव्हेंबरला, तोहो कंपनीचा 'गोजिरा' झळकला. दिग्दर्शक इशिरो होंडा. सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड होतो आणि एक जहाज बुडतं. प्रेक्षकांना वेगळं काही सांगावं लागलं नसणार. अणुचाचण्यांनी जागा झालेला हा प्राणी टोकियो जाळतो, तेव्हा शहरावरच्या बॉम्बवर्षावाला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. सुमारे 96 लाख लोकांनी तो पाहिला.

गंमत अशी, की चित्रपटाच्या शेवटी वृद्ध शास्त्रज्ञ बजावतो, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल. निर्मात्यांनी तो इशारा शब्दशः घेतला! सहा महिन्यांच्या आत दुसरा गोजिरा पडद्यावर हजर. अमेरिकेत 1956 साली मूळ चित्रपट कापून, मध्ये एक अमेरिकन पत्रकार घुसवून दाखवला गेला. अणुबॉम्बचा बराचसा उल्लेख गेला. मूळ चित्रपट जसाच्या तसा तिथल्या थिएटरात यायला 2004 साल उजाडावं लागलं.

पुढे 1962 साली किंगकाँगशी कुस्ती झाली आणि लोकांनी तोबा गर्दी केली. मग 1967 मध्ये गोजिराला बाळ झालं. शाळेच्या सुट्ट्यांत मुलांसाठी हे चित्रपट लागू लागले, खर्च वाचवायला जुन्या चित्रपटांतली दृश्यं नव्यात डकवली गेली, आणि 1973 मध्ये तर गोजिराने हवेतून तरंगत लाथ मारली! भीती संपली, राक्षस खरोखरच गोजिरवाणा झाला. 1975 साली प्रेक्षक उरले 9 लाख 70 हजार, म्हणजे पहिल्याच्या दहावा हिस्सा. दुकान नऊ वर्षं बंद.

1984 मध्ये तो परतला. पुढच्या चित्रपटाची कथा तोहोने चक्क जनतेकडून मागवली. निवडली गेली ती एका दंतवैद्याची! पण 1998 साली हॉलिवूडने आपला गॉडझिला आणला आणि चाहते खवळले. तो इग्वानासारखा पळे, क्षेपणास्त्रांनी मरे. सात चित्रपटांत गोजिराचा जड पोशाख घालून घाम गाळलेले केनपाचिरो सात्सुमा तर खेळ अर्धवट सोडून उठून गेले; ह्यात गोजिराचा प्राणच नाही, असं त्यांचं म्हणणं. तोहोने उट्टं काढलं 2004 मध्ये. त्या अमेरिकन प्राण्याला आपल्या चित्रपटात घेतलं, नावातला 'गॉड' काढून नुसता 'झिला' ठेवला आणि सिडनीत खऱ्या गोजिराकडून काही सेकंदांत लोळवला.

पण नुसत्या सूडाने चित्रपट चांगला होत नाही. तोही फारसा चालला नाही, आणि जपानी गोजिरा बारा वर्षं पडद्यावरून गायब झाला. 2016 चा 'शिन गोजिरा' आला तो 2011 ची त्सुनामी आणि फुकुशिमाची आठवण घेऊन. संकट दाराशी आलंय आणि अधिकारी बैठका घेताहेत, हे पाहताना इथल्या माणसांना काय वाटलं असेल, ते त्या मार्चमध्ये जपानात असलेल्या आपल्या मंडळींना सांगायला नको. 2023 चा 'गोजिरा मायनस वन' थेट युद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकियोत गेला आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन आला. ॲनिमेशनपट सोडले तर तो जपानचा तिसावा गोजिरापट. म्हणजे तीसदा सांगूनही गोष्ट शिळी झाली नव्हती. सांगणाऱ्याला ती का सांगायची हे आठवत होतं, एवढंच.

आजी परत जायच्या आधी आम्ही युमेनोशिमाला गेलो. ती फुकुर्यू मारू नौका तिथे जपून ठेवली आहे. लाकडाची, जुनी, वाटते त्यापेक्षा मोठी. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, म्हणजे गोजिरा खरा होता?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आजींनी नौकेला नमस्कार केला.

आपल्या कार्यक्रमांतही दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "पुन्हा तेच नाटुकलं? तीच अफजलखानाची गोष्ट?" मीही म्हटलंय. आता वाटतं, तेच असू दे. फक्त मुलांना नुसती दाढी आणि तलवार देऊन स्टेजवर ढकलू नये. ही गोष्ट आपण का सांगतो, तेही सांगावं. नाहीतर आपलाही गोजिरा नुसता गोजिरवाणा होईल.