विहाराला दान, पण कागदोपत्री : निवृत्तीनंतरचे मालमत्ता नियोजन

बुलढाणा जिल्ह्यात शिक्षक, एस.टी. किंवा जिल्हा परिषद कर्मचारी म्हणून निवृत्त झालेल्या अनेक उपासक-उपासिकांना वाटते की, आपल्या कमाईचा काही भाग विहार, वाचनालय किंवा गरजू मुलांच्या शिक्षणासाठी जावा. दान ही पहिली पारमिता. पण सभेत शब्द दिल्याने जागा संस्थेची होत नाही. सातबाऱ्यावर दात्याचेच नाव राहते आणि त्याच्या पश्चात वारस हक्क सांगू शकतात. मग विहार समिती आणि दात्याचीच मुले कोर्टात समोरासमोर येतात.

वारसाहक्क : हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर मालमत्ता वारसांकडे जाते. मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो. संस्थेला काहीच मिळत नाही.

मृत्युपत्र : हयातीत घर, ठेवी आपल्याच हाती राहतात आणि मन बदलल्यास मृत्युपत्रही बदलता येते. दोन साक्षीदार आवश्यक. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. साक्षीदार त्याच संस्थेचे विश्वस्त नसावेत. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत फक्त आपल्या वाट्याचेच मृत्युपत्र करता येते.

बक्षीसपत्र : घर किंवा जागा आजच द्यायची असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. ते सहसा मागे घेता येत नाही. मात्र हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क दस्तात राखून ठेवता येतो. अशा अटीमुळे बक्षीसपत्र रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेतजमीन : आपला जिल्हा विदर्भात असल्याने १९५८ चा विदर्भ कुळवहिवाट कायदा लागू होतो. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला शेतजमीन देण्यापूर्वी परवानगी लागते. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन असेल, तर तेही आधी तपासावे.

संस्था : दान अध्यक्षाच्या नावे नको, संस्थेच्या नोंदणीकृत नावे द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी क्रमांक, ऑडिट आणि विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज बुलढाण्याच्या धर्मादाय कार्यालयात तपासता येतो. या कायद्याच्या कलम ३६ नुसार संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हेच दात्याचे मोठे संरक्षण. आई-वडिलांच्या नावे नवा ट्रस्ट काढता येतो, पण दरवर्षी हिशेब ठेवावे लागतात. रक्कम लहान असेल, तर चांगल्या चालणाऱ्या संस्थेलाच उद्देश लिहून देणे सोयीचे. दानावरची करसवलत पैशाच्या दानालाच मिळते, जागेच्या दानाला नाही; आणि तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. ती संस्था आजही उभी आहे. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते मात्र महापरिनिर्वाणानंतर दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि शासनाने प्रकाशित केलेला पहिला खंड यायला १९७९ साल उजाडले. जे संस्थेच्या नावे झाले ते चालत राहिले. जे तसे झाले नाही ते अडकून पडले.

म्हणून आम्ही सुचवतो : आधी आपला व जोडीदाराचा औषधपाणी आणि राहण्याचा खर्च बाजूला ठेवा. मग मुला-मुलींना समोर बसवून दानाचा निर्णय सांगा. त्यानंतर वकिलाकडून दस्त करून घ्या आणि त्याची एक प्रत विहार समितीकडे द्या.