कर्जदाराची पत आणि एक जर्मन ग्रंथ

पैसा कसा राखावा, स्वभाव कसा पालटावा आणि खचलेले मन कसे सावरावे, हे शिकविणाऱ्या पुस्तकांना हल्ली मोठी मागणी असते. ही पुस्तके बहुधा निरनिराळी असतात आणि एकट्या वाचकाला उद्देशून लिहिलेली असतात. परंतु १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन ग्रंथात हे तिन्ही विषय एकत्र नांदत होते. त्यातील विचाराचे फळ पुढे धारवाड जिल्ह्यात धरले, म्हणून त्याचा इतिहास स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

ग्रंथकर्ते फ्रीडरिख व्हिल्हेल्म राइफायझेन यांचा जन्म १८१८ चा. तरुणपणी ते सैन्यात होते. डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ साली ती नोकरी सुटली. पुढे ऱ्हाइन नदीच्या परिसरातील लहान गावांचा कारभार त्यांच्याकडे आला. १८४६-४७ च्या दुष्काळात त्यांनी गरिबांना धान्य व पाव पुरविण्यासाठी मंडळ काढले. नंतर सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठीही मंडळे काढली. ती धनिकांच्या औदार्यावर चालत. परंतु औदार्य ओसरले की मंडळही खचे. म्हणून १८६४ साली हेड्डेसडॉर्फ येथे त्यांनी नवा नियम केला : ज्याला कर्ज हवे, त्याने स्वतः सभासद व्हावे आणि सर्वांच्या कर्जाची हमी सर्वांनी घ्यावी. दृष्टी अधू झाल्याने १८६५ साली त्यांना पदही सोडावे लागले. अशा अवस्थेत कन्या अमाली हिच्या साहाय्याने त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला.

ग्रंथाचे सूत्र साधे होते. संस्थेचे क्षेत्र एका लहान परिसरापुरते असावे, म्हणजे प्रत्येकाचे वर्तन प्रत्येकास ठाऊक राहील. कर्ज उत्पादक कामासाठीच द्यावे. चालकांनी विनावेतन सेवा करावी आणि नफा राखीव निधीत घालावा. जमीन किंवा दागिना यांपेक्षा माणसाचा प्रामाणिकपणा हेच मोठे तारण मानावे. या योजनेमागे ख्रिस्ती शेजारधर्माची श्रद्धा होती. कर्जाने केवळ घर बुडत नाही, माणसाचा स्वतःवरील विश्वासही बुडतो, हे राइफायझेन यांनी जवळून पाहिले होते. शेजाऱ्याने आपल्यासाठी हमी दिली आहे, ही जाणीव त्या विश्वासास पुन्हा उभे करी.

त्याच सुमारास धारवाडचा शेतकरीही अडचणीत येत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. तेजीत वाढलेला खर्च मंदीत फेडता येईना. सावकाराची वही तेवढी वाढत गेली.

मद्रास सरकारने पाठविलेल्या फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील शेती-पेढ्यांचा अभ्यास केला आणि १८९५ च्या अहवालात राइफायझेन यांच्या पद्धतीची मुक्तकंठाने शिफारस केली. तिचा ठसा १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यावर उमटला. दुसऱ्याच वर्षी, १९०५ साली, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पतपेढी निघाली. मुंबई इलाख्यातील ती पहिली ग्रामीण पतपेढी होय. १९९७ साली गदग हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या आरंभाचा मान धारवाडच्या इतिहासाचाच भाग आहे.

तथापि नियम छापले म्हणजे माणसे पालटतात, असे नव्हे. सहकाराचे तत्त्व समजून न घेताच अनेक ठिकाणी पेढ्या काढल्या गेल्या आणि कर्जे थकली. म्हणूनच मॅक्लॅगन समितीने १९१५ च्या अहवालात आग्रह धरला, की नोंदणीपूर्वी आणि नंतरही सभासदांना सहकाराचे शिक्षण द्यावे.

काटकसर, आत्मसुधारणा आणि मनःशांती यांचे ग्रंथ वाचणाऱ्या आजच्या वाचकालाही हा इतिहास उपयोगी आहे. पुस्तक वाट दाखविते. पण ती चालताना सोबत लागते, आणि ढळणाऱ्याला सावरणारा शेजारी लागतो. कणगिनहाळच्या शेतकऱ्यांनी राइफायझेन यांचा ग्रंथ वाचला नसेलही; पण एकमेकांची हमी घेऊन त्यांनी त्याचा अर्थ मात्र जाणला होता.