एलआयसीचे सव्वा कोटी आणि आपली बैलजोडी

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात एलआयसीची एखादी पॉलिसी असते. पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेली. वर्षाचा हप्ता भरताना आपण पोटाला चिमटा काढतो. हाच पैसा एकदा भलत्याच्या घशात गेला होता, आणि त्यावरून देशाच्या अर्थमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली होती. पण पुढच्या निवडणुकीत तेच मंत्री बिनविरोध निवडून आले. आज आपण हे कसं घडलं ते बघणार आहोत.

आधी थोडं मागे जाऊ. १९५१ साली दिल्लीच्या संसदेत मुंबईचे एच. जी. मुद्गल नावाचे काँग्रेसचे खासदार होते. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न संसदेत मांडतात, असा त्यांच्यावर आरोप आला. पक्ष त्यांचा, सरकारही त्याच पक्षाचं. झाकून टाकणं काही अवघड नव्हतं. पण पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समिती नेमायला लावली. समितीत पाच जण होते, आणि त्यांत एक बाई होत्या, दुर्गाबाई. घटना समितीत काम केलेल्या, आंध्र महिला सभा उभी करणाऱ्या, पुढे समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या. समितीने मुद्गलांना दोषी धरलं. संसदेतून काढून टाकण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. हे नाव लक्षात ठेवा, गोष्ट पुढे त्यांचीच आहे.

तेव्हा विम्याच्या खासगी कंपन्या शेकड्यांनी होत्या. लोकांचे हप्ते मालक आपल्या धंद्यात फिरवायचे. १९५५ साली रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी दालमियांच्या विमा कंपनीचा कारभार संसदेत उघडा पाडला. हे फिरोज काँग्रेसचेच, आणि नेहरूंचे जावई. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९५६ मध्ये, सरकारने आयुर्विमा आपल्या ताब्यात घेतला. ही घोषणा त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून केली. चिंतामणराव आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, आणि दुर्गाबाईंचे पती. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्या जागी अर्थमंत्री म्हणून आले कृष्णम्माचारी. सप्टेंबर १९५६ मध्ये एलआयसी सुरू झाली. हेतू हाच की गरिबाचा हप्ता सुरक्षित राहावा.

वर्षही पुरतं झालं नव्हतं. जून १९५७ मध्ये एलआयसीने कलकत्त्याचे व्यापारी हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. मुंध्रा कर्जात बुडालेले होते. पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवायला एलआयसीची वेगळी समिती होती, तिला आधी विचारलंसुद्धा नाही. आपल्या गटात कुणाला पाच हजारांचं कर्ज द्यायचं तरी बैठकीत विषय येतो, ठराव होतो, सगळ्यांच्या सह्या होतात. इथे सव्वा कोटी गेले आणि ज्यांना विचारायचं त्यांना पत्ताच नाही.

१६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले. आपल्याकडे जावई मानपानासाठी रुसतो. हा जावई सासऱ्यांच्या सरकारसमोर हिशेब मागायला उभा राहिला. सरकारला चौकशी मान्य करावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी ती चालवली, आणि बंद खोलीत नाही, लोकांसमोर. गर्दी इतकी झाली की बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून लाउडस्पीकर लावले होते. महिनाभराच्या आत काम आटोपलं. जे झालं ते सचिवांनी केलं, असं मंत्र्यांचं म्हणणं होतं. मंत्र्यांना जबाबदारी झटकता येणार नाही, असं छागलांनी अहवालात लिहिलं. मंत्र्यांनी स्वतः पैसे खाल्ले असं अहवालात कुठेही नाही, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. मुंध्रा तुरुंगात गेले.

इथवर वाटतं, वा, काय तो काळ! पण आम्हाला खरा प्रश्न पडतो तो यापुढचा. मतदारांनी काय केलं?

१९५७ साली लोकसभेच्या ४९४ जागांपैकी काँग्रेसला ३७१ मिळाल्या होत्या. मधे हे एवढं प्रकरण गाजलं. १९६२ साली ३६१ मिळाल्या. दहा कमी. आणि कृष्णम्माचारी मद्रास राज्यातल्या तिरुचेंदूरमधून उभे राहिले, तर त्यांच्यासमोर शेवटपर्यंत कुणी उमेदवारच राहिला नाही. त्याच वर्षी ते पुन्हा मंत्री झाले, १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री.

लोक अडाणी होते म्हणून असं झालं, असं शहरातली माणसं पटकन म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. तेव्हाची निवडणूक कशी होती ते आठवा, म्हणजे आजी-पणजीकडून ऐकलेलं आठवा. पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह. बाई आत जायची आणि बैलजोडीच्या पेटीत कागद टाकून यायची. त्या बैलजोडीमागे तिला गांधीबाबा दिसायचे, तुरुंगात गेलेला दीर दिसायचा, घरात फिरणारा चरखा दिसायचा. कलकत्त्याच्या शेअरचा हिशेब तिच्यापर्यंत पोचलाच नसेल. पोचला असता तरी एवढ्यावरून ती बैलजोडी सोडणार नव्हती. चिन्ह एकदा घरचं झालं की त्याची चूक आपण घरातल्या माणसाच्या चुकीसारखी पोटात घालतो. तीच चूक समोरच्याने केली तर चावडीवर तिचा पंचनामा करतो.

मग ही निष्ठा तुटतच नव्हती का? तुटत होती. आपल्याच भागात तुटली. १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकांनी काँग्रेसला पाडून संयुक्त महाराष्ट्र समितीला मतं दिली. मोठमोठे पुढारी घरी बसले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जागांवर काँग्रेसचं सरकार तगलं. पण हा राग कशाचा होता? मराठी राज्याचा, मुंबईचा, गोळीबारात गेलेल्या माणसांचा. तो खराच होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, आणि १९६२ मध्ये काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. म्हणजे मतदाराला निष्ठा सोडता येते. ती त्याने भाषेसाठी सोडली, हिशेबासाठी नाही. हिशेबासाठी निष्ठा सोडायला तेव्हा कुणी शिकवलंही नव्हतं. विरोधी पक्षांनीसुद्धा नाही.

फिरोज गांधींचं काय झालं, हेही विचाराल. दालमिया प्रकरणानंतर १९५७ मध्ये रायबरेलीच्या लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. स्वपक्षाला बोल लावला म्हणून घरभेदी ठरवलं नाही. १९६० साली ते गेले, वय पन्नाशीच्या आतलं.

आता आपल्या ओळखीच्या काळात येऊ. १९८० साली अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. हे नाव घेतलं की आपल्या गटातल्या कितीतरी जणी मान डोलावतात. विधवेला, टाकलेल्या बाईला, अपंगाला सरकारच्या यादीत पहिल्यांदा जागा मिळाली. त्याच सुमारास सिमेंटची टंचाई होती, सिमेंट परवान्यावर मिळायचं. मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या दिल्या की बिल्डरांना सिमेंट मिळतं, अशी बातमी १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी छापली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत खाली-वर होत राहिला. शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. १९९१, १९९६ आणि २००४ मध्येही.

कोकणातल्या कुणा म्हातारीने त्यांना मत दिलं असेल, तर तिला नावं ठेवायला आमची जीभ उचलत नाही. जिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा पैसा आला, तिला सिमेंटच्या गोण्यांचं काय? आपणही हेच करतो. गावात रस्ता आणला, मुलाला कामाला लावला, बोअर पाडून दिली, मग त्याने मधे काही खाल्लं तर 'खाईना का, काम तर करतो' म्हणतो. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी 'आपलं पॅनल' असतंच. बचत गटातही असतं. वही नीट नसली आणि कुणी विचारलं, तर 'आपल्या वस्तीतली आहे ती, तिला कशाला टोकायचं' असं हळूच कानावर येतं. विचारणारीच मग बैठकीला येईनाशी होते.

फक्त एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो. तो माणूस गेला की आपलं अनुदान जाईल, ही भीती. निष्ठेचा निम्मा भाग या भीतीचाच असतो, आणि पुढारी ती जाणूनबुजून घालतात. पण घडलं काय ते बघा. अंतुले जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून गेले. निराधार योजना चालूच राहिली. त्यानंतर किती मुख्यमंत्री झाले, किती पक्ष आले आणि गेले, रक्कम वाढत गेली, नियम बदलले, पण योजना कुणीही बंद केली नाही. पैसा कुणाच्या खिशातला नव्हताच. तहसील कार्यालयात अर्ज आजही घेतात.